संगणकातली इर्जिक

स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळाने एवढेच सांगितले होते की, प्रत्येकाने आपापल्या क्षेत्राविषयी लिहावे, पण वर्गातल्या सगळ्यांना कळेल अशा भाषेत. आपल्या १९९५ च्या दहावीच्या बॅचमध्ये डॉक्टर आहेत, शेती करणारे आहेत, शिक्षक आहेत, आडत दुकान सांभाळणारे आहेत. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. माझ्या पगाराच्या कामात इतरांना गोडी वाटावी असे फारसे काही नाही. म्हणून मी बिनपगारी कामाविषयी लिहिणार आहे. हे काम मी गेली अठरा वर्षे फावल्या वेळात करते आहे. माझ्या आधी आणि माझ्यापेक्षा कितीतरी जास्त ते इतरांनी केले. त्याचा इतिहास मराठीत फारसा कुणी सांगत नाही आणि त्यात आपल्या भागाचाही संबंध आहे.

आपल्या बॅचचा व्हॉट्सॲप ग्रुप रोज पहाटेपासून सुरू होतो. सुविचार, वाढदिवस, सोयाबीनचे भाव, सगळे मराठीत. ही अक्षरे पडद्यावर नीट उमटतात याचे आता कुणाला नवल वाटत नाही. पण ती आपोआप उमटत नाहीत. अँड्रॉइड फोनवर 'क्ष', 'त्र', 'र्या' अशी जोडाक्षरे जागच्या जागी बसवण्याचे काम 'हार्फबझ' नावाचा एक प्रोग्राम करतो. फायरफॉक्स आणि क्रोम या ब्राउझरमध्येही तोच असतो. तो कुणालाही फुकट वापरता येतो, त्याचे आतले लिखाण कुणालाही वाचता येते आणि त्यात दुरुस्ती सुचवता येते. नाव फारसीतले आहे. 'हर्फ' म्हणजे अक्षर आणि 'बाज' म्हणजे खुले. आपल्या आजोबांच्या पिढीने उर्दूत शाळा शिकलेली असल्यामुळे 'हर्फ' हा शब्द मराठवाड्याला परका नाही.

असे सगळ्यांसाठी खुले असलेले सॉफ्टवेअर म्हणजे मुक्त किंवा ओपन सोर्स सॉफ्टवेअर. त्याची कल्पना शहरातल्या माणसाला समजावताना मला फार बोलावे लागते. आपल्याकडे एका शब्दात काम भागते: इर्जिक. एखाद्याची पेरणी अडली, घरी माणूसबळ नाही, बैल नाहीत, की गावातले शेतकरी आपापली औते घेऊन त्याच्या रानात उतरायचे आणि एका दिवसात काम उरकायचे. मजुरी नाही, संध्याकाळी सगळ्यांना जेवण. आज याचे, उद्या त्याचे. मुक्त सॉफ्टवेअरमध्ये फरक इतकाच की रान सगळ्यांचे असते आणि औत धरणारे एकमेकांना बहुधा कधी भेटत नाहीत.

या इर्जिकीची सुरुवात अमेरिकेत झाली. रिचर्ड स्टॉलमन यांनी २७ सप्टेंबर १९८३ रोजी 'जीएनयू' या प्रकल्पाची घोषणा केली. सॉफ्टवेअर वापरणाऱ्याला ते वाचण्याचा, बदलण्याचा आणि इतरांना देण्याचा हक्क असला पाहिजे, अशी त्यांची भूमिका. १९८९ मध्ये त्यांनी या हक्कांचे रक्षण करणारा परवाना लिहिला. त्याची मेख अशी की, तुम्ही बदल करून ते सॉफ्टवेअर पुढे दिलेत तर तेही याच अटींवर दिले पाहिजे. म्हणजे सामाईक रानाला कुणी कुंपण घालू शकत नाही. मग २५ ऑगस्ट १९९१ रोजी फिनलंडमधल्या हेलसिंकी विद्यापीठातल्या लिनस टोरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने आपण हौसेखातर एक ऑपरेटिंग सिस्टीम लिहीत असल्याचे जाहीर केले. तीच पुढे लिनक्स झाली. आज अँड्रॉइड फोनच्या मुळाशी लिनक्सच आहे.

त्या ऑगस्टमध्ये आपण सातवीत होतो. त्याच १९९१ साली आणखी दोन गोष्टी घडल्या. भारतीय लिपींसाठी 'इस्की' ही संकेतप्रणाली भारतीय मानक म्हणून स्वीकारली गेली आणि ऑक्टोबरमध्ये जगातल्या लिपींना एकत्र सामावू पाहणाऱ्या युनिकोडची पहिली आवृत्ती आली. त्यात देवनागरी होती. तिची मांडणी इस्कीच्या आधीच्या, १९८८ च्या आवृत्तीवरून घेतलेली होती. म्हणजे मराठी संगणकावर येण्यासाठी लागणारे पायाचे दगड त्या वर्षी जगात तयार होते. पण ते आपल्यापर्यंत पोहोचायला पुढची १५ वर्षे गेली.

इथे जरा मागे जायला हवे. ज्ञानाची भाषा कोणती, हा प्रश्न मराठवाड्याला नवा नाही. निजामाच्या हैदराबाद संस्थानात मराठी बोलणारे पाच जिल्हे होते: औरंगाबाद, परभणी, बीड, नांदेड आणि उस्मानाबाद. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होते, वेगळा जिल्हा १९८२ मध्ये झाला. राज्यकारभाराची भाषा उर्दू होती. १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ सुरू झाले, तेही उर्दू माध्यमाचे. त्यासाठी राज्याने आधीच भाषांतराचे एक स्वतंत्र खाते उघडले होते आणि विज्ञान, गणित, इतिहास, वैद्यक यांची पुस्तके उर्दूत आणवली होती. ते काम मोठे होते, हे मान्य केले पाहिजे. भारतीय भाषेतून उच्च शिक्षण देता येते हे त्याने दाखवून दिले. पण त्यातून हेही दिसते की, भाषेमागे सरकारचा खजिना उभा असला की काय होते आणि नसला की काय होते.

मराठीमागे तो नव्हता. मराठी शाळा लोकांनी काढल्या. हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा १९२१ ची. सोलापूरकडे शिकून आलेले व्यंकटेश भगवानराव खेडगीकर तिथे शिक्षक होते. त्यांना आपण स्वामी रामानंद तीर्थ म्हणून ओळखतो. पुढे ते अंबाजोगाईच्या योगेश्वरी विद्यालयात गेले. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान मुक्त झाल्यावर १९५० मध्ये नांदेडला पीपल्स कॉलेज उभे राहिले तेही लोकांच्या बळावर. नरहर कुरुंदकर गुरुजी याच कॉलेजात शिकवत आणि पुढे त्याचे प्राचार्य झाले. तुटपुंज्या पगारात, प्रसंगी बिनपगारी शिकवणाऱ्या माणसांची ही परंपरा आपल्या शाळेतल्या सर-बाईंपर्यंत आलेली आपण पाहिली आहे. शाळा सुटल्यावर दहावीच्या मुलांना थांबवून घेऊन शिकवणारे आपले गुरुजन त्याचे जादा पैसे घेत नसत. 'लातूर पॅटर्न' वर्तमानपत्रांत गाजला, पण त्याची पहिली आवृत्ती आपल्याला अशा संध्याकाळच्या वर्गांतच मिळाली.

आता पुन्हा १९९० च्या दशकात येऊ. लातूरच्या गंजगोलाईच्या आसपास आणि नांदेडच्या वजिराबादेत तेव्हा डीटीपी सेंटर निघू लागली होती. लग्नपत्रिका, हँडबिले, प्रश्नपत्रिका यांची मराठी संगणकावर जुळायची. पण ते मराठी खरे नव्हते. संगणकाच्या लेखी ती इंग्रजी अक्षरेच असत. इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे दाखवणारा फॉन्ट वर पांघरलेला असे, इतकेच. प्रत्येक कंपनीची तुकड्यांची मांडणी वेगळी. त्यामुळे एका सेंटरमध्ये टाइप केलेली फ्लॉपी दुसरीकडे नेली की पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा काला दिसायचा. शोध घेता येत नसे, अकारविल्हे लावता येत नसे, फॉन्ट बदलला की मजकूर गेला. त्या काळात मराठवाड्यातल्या कितीतरी संस्थांचे अहवाल, स्मरणिका आणि पुस्तके अशा फायलींमध्ये जुळवली गेली. त्यांतल्या अनेक आज कुणाला उघडता येत नाहीत.

पुण्याच्या सी-डॅकने १९८८ मध्ये स्थापना झाल्यापासून भारतीय भाषांवर काम केले. इस्की आणि 'इन्स्क्रिप्ट' कीबोर्डचे महत्त्व नांदेडमध्ये राहिलेल्या माणसाला लगेच कळावे. या शहरात मराठी, गुरुमुखी, तेलुगू आणि उर्दू अशा चार लिपींतल्या पाट्या दिसतात. इन्स्क्रिप्टमध्ये 'क' देवनागरीत ज्या कळीवर, त्याच कळीवर तेलुगूत आणि गुरुमुखीतही. एक शिकले की तिन्ही आले, फक्त उर्दूची मांडणी वेगळी. पण ही साधने महाग होती. काही वर्षे तर संगणकात वेगळे कार्ड बसवावे लागे. शाळेला किंवा छोट्या गावातल्या वाचनालयाला ते परवडणारे नव्हते.

मी १९९७ मध्ये इंजिनिअरिंगला नांदेडला गेले. लिनक्स तेव्हा इंटरनेटवरून उतरवून घेणे आमच्यासाठी अशक्यच होते. फोनच्या तारेवरून तासाला पैसे मोजून चालणारे इंटरनेट आणि त्यात वीज जायची. पण 'पीसी क्वेस्ट' या मासिकाबरोबर लिनक्सची सीडी यायची. वसतिगृहात ती सीडी हातोहात फिरे. चोरून फिरवलेल्या सॉफ्टवेअरचा जमाना होता. ही एकच सीडी अशी होती की जिची नक्कल करून मित्राला देणे कायदेशीर होते, इतकेच नव्हे तर तसे करा असे तिच्यावर सांगितलेले होते. मुलींना संध्याकाळी सातच्या आत वसतिगृहात परतावे लागे आणि संगणक प्रयोगशाळा मुलांसाठी रात्री उशिरापर्यंत उघडी असे. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. फावल्या वेळाच्या कामाचा इतिहास लिहायचा तर फावला वेळ कुणाला मिळत होता, हेही लिहायला हवे.

त्याच सुमारास मुंबईत महत्त्वाच्या हालचाली चालल्या होत्या. लिनक्स भारतीय भाषांत आणण्यासाठी 'इंडलिनक्स' हा स्वयंसेवकांचा गट उभा राहिला. मुंबईच्या नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी या सरकारी संस्थेत 'इंडिक्स' नावाच्या प्रकल्पात लिनक्सच्या पडद्यावर भारतीय लिपी उमटवण्यावर काम झाले. ज्येष्ठ सुलेखनकार प्रा. र. कृ. जोशी या संस्थेशी जोडलेले होते. विंडोजबरोबर येणारा 'मंगल' हा फॉन्ट त्यांच्याच हातचा. पण त्यांनी 'रघू' नावाचा देवनागरी फॉन्टही घडवला आणि तो मुक्त परवान्याखाली सगळ्यांना खुला झाला. मंगल एका कंपनीच्या मालकीचा, तर रघू कुणीही वापरावा, सुधारावा असा. २००४ मध्ये रेड हॅट या कंपनीने 'लोहित' ही भारतीय लिपींच्या फॉन्टची मालिका मुक्त केली. तिची पुढची निगा बरीच वर्षे पुण्यातून राखली गेली.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर इतिहास गोड होऊन बसतो. हे सगळे काम काही फुकट झाले नाही. लोहितची डागडुजी करणारे अनेकजण पगारी होते. सी-डॅक आणि नॅशनल सेंटर या सरकारी संस्था. पण पगारी माणसांनी घातलेल्या पायावर जे बारीक काम करावे लागते ते पगारात बसत नव्हते. गिऱ्हाईक नसल्यामुळे त्याला कुणी पैसे मोजत नव्हते. ते स्वयंसेवकांनी केले: पुण्या-मुंबईतल्या लिनक्स वापरणाऱ्यांच्या गटांनी, परदेशी गेलेल्या मराठी मुलामुलींनी, निवृत्त शिक्षकांनी. 'गमभन'सारखी मराठी टाइप करण्याची साधने हौसेने बनवली गेली. १ मे २००३ ला, म्हणजे महाराष्ट्रदिनी, मराठी विकिपीडिया सुरू झाला आणि तो आजही बिनपगारी माणसेच लिहितात.

बारीक काम म्हणजे काय, याची तीन उदाहरणे देते.

पहिले उदाहरण अर्ध्या 'र'चे. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या. 'आचार्यास' वेगळे आणि 'आचाऱ्यास' वेगळे. हिंदीत हा भेद नाही. त्यामुळे हिंदी डोळ्यापुढे ठेवून बनवलेल्या सॉफ्टवेअरमध्ये आपला आडवा अर्धा 'र' कित्येकदा रफार होऊन डोक्यावर जाऊन बसे आणि डोंगरातल्या दऱ्यांचा समुद्र होई. युनिकोडच्या नियमांत त्याची सोय होती. पण ती सोय प्रत्येक प्रोग्राममध्ये, प्रत्येक फॉन्टमध्ये उतरली आहे की नाही हे कुणीतरी मराठी माणसाने बसून तपासायचे, चूक सापडली की नोंदवायची आणि ती दुरुस्त होईपर्यंत पाठपुरावा करायचा. मी या कामात आले ती याच 'र'मुळे. २००७ मध्ये पुण्यात नोकरी करताना एका प्रोग्राममध्ये 'सुऱ्या'चे 'सुर्या' झालेले दिसले आणि मी पहिली नोंद लिहिली. तीन आठवड्यांनी जर्मनीतल्या एका अनोळखी माणसाने विचारले की, या दोन शब्दांत नेमका काय फरक आहे? त्याला मी चाकू आणि सूर्य यांची चित्रे पाठवली. पुढच्या आवृत्तीत ते दुरुस्त झाले.

दुसरे उदाहरण 'ॲ'चे. 'ॲसिड', 'ॲडमिशन', 'ॲम्ब्युलन्स' हे शब्द आपण रोज वापरतो. पण 'अ'वर चंद्र हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये नव्हते. ते मराठीसाठी २००८ मध्ये ५.१ या आवृत्तीत आले. तोवर लोक तडजोडी करून लिहीत आणि शोधताना शब्द सापडत नसत. अक्षर आले म्हणजे काम संपले असेही नाही. प्रत्येक फॉन्टमध्ये ते घालावे लागते, कीबोर्डवर त्याला जागा द्यावी लागते, अकारविल्हे यादीत त्याचे स्थान ठरवावे लागते.

तिसरे उदाहरण 'ल' आणि 'श' यांचे. ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयाने मराठी वर्णमालेचे प्रमाण रूप ठरवले आणि या दोन अक्षरांचे मराठी वळण कायम केले. तुम्ही पाटीवर गिरवलेला 'ल' आणि हिंदी पुस्तकातला 'ल' आठवून पाहा. एकाच फॉन्टमध्ये हिंदीसाठी एक आकार आणि मराठीसाठी दुसरा ठेवता येतो, पण तो मुद्दाम काढून ठेवावा लागतो. मुक्त फॉन्टमध्ये हे करता आले, कारण फॉन्ट उघडून त्यात हात घालण्याची परवानगी होती. आता मुंबईच्या 'एक टाइप' या गटाचे 'मुक्ता', 'बालू' असे सुरेख मुक्त फॉन्टही आपल्याकडे आहेत. लग्नपत्रिका करणाऱ्या आपल्या दोघा वर्गमित्रांनी ते जरूर वापरावेत.

अक्षरांनंतर शब्दांचा प्रश्न येतो. संगणकावरचे 'सेव्ह', 'डिलीट', 'फोल्डर' मराठीत काय म्हणायचे? यावर स्वयंसेवकांत झालेले वाद ऐकले तर तुम्हाला आपल्या शाळेतल्या वक्तृत्व स्पर्धा आठवतील. एक पक्ष 'संचयिका', 'धारिका' अशा शब्दांचा. दुसरा म्हणे, 'फाइल' हा शब्द तहसील कचेरीत शिपायापासून तहसीलदारापर्यंत सगळे वापरतात, तो मराठीच झाला आहे. २००८ च्या सुमारास पुण्यातून 'फ्यूएल' हा उपक्रम सुरू झाला. नेहमी लागणारे शब्द एकत्र करून प्रत्येक भाषेच्या लोकांनी बसून त्यांचे प्रतिशब्द ठरवायचे, म्हणजे एका प्रोग्राममध्ये एक आणि दुसऱ्यात दुसरा शब्द असा गोंधळ होणार नाही. मी स्वतः दुसऱ्या पक्षाची. शब्द ठरवताना मी लातूरला आईला फोन करून विचारायचे, 'असं लिहिलेलं दिसलं तर तुला काय कळंल?' 'पुनर्स्थापित करा' ऐकून आई म्हणाली, 'गणपती का?' तिथे आम्ही 'पूर्वीसारखे करा' असे लिहिले.

मराठी शुद्धलेखन तपासनीसाची कहाणी वेगळीच आहे. मुक्त सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी 'हन्स्पेल' नावाचे साधन वापरतात. ते मुळात हंगेरियन भाषेसाठी तयार झाले. हंगेरियनमध्ये शब्दाला प्रत्ययावर प्रत्यय लागतात. मराठीतही 'घर', 'घरात', 'घरातला', 'घरातल्यांनासुद्धा' हे एकाच शब्दाचे अवतार आहेत. साध्या शब्दयादीने मराठीचे भागत नाही, ती कधी पुरी होणारच नाही. एका हंगेरियन माणसाने स्वतःच्या भाषेची अडचण सोडवून साधन खुले ठेवले, म्हणून मराठी स्वयंसेवकांना त्यावर आपली शब्दयादी बांधता आली. ते साधन बंद कपाटात असते, तर सगळे पहिल्यापासून करावे लागले असते.

ही इर्जिक भाषेपुरतीच नाही. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आपल्यापैकी कुणीही विसरलेले नाही. गणपती विसर्जनाची रात्र, पहाटे चारच्या सुमाराला जमीन हलली. आपण नववीत होतो. किल्लारी, सास्तूर ही नावे त्यानंतर जगाला कळली. ६.२ तीव्रतेच्या त्या भूकंपात हजारो माणसे गेली. आपल्या वर्गातल्या मुलांनी सरांबरोबर जाऊन भाकरी, चादरी पोचवल्या. कुठल्या वाडीला कुठून रस्ता आहे, हे ट्रकवाल्यांना सांगायला आपलीच मुले पुढे बसत होती. २२ वर्षांनी, २५ एप्रिल २०१५ ला नेपाळमध्ये भूकंप झाला. तोवर 'ओपनस्ट्रीटमॅप' हा सगळ्यांनी मिळून काढायचा जगाचा मुक्त नकाशा तयार होत होता. इंग्लंडमध्ये २००४ ला सुरू झालेला. नेपाळच्या वेळी जगभरातल्या हजारो स्वयंसेवकांनी उपग्रहाच्या छायाचित्रांवरून खेडी, घरे आणि पायवाटा नकाशावर गिरवल्या, मदत पथकांनी त्या वापरल्या. मुले झोपल्यावर मीही चार-पाच रात्री ते काम केले. डोंगरातल्या एका वस्तीची घरे एक-एक करून आखताना ट्रकमध्ये ड्रायव्हरशेजारी बसलेली आपल्या वर्गातली मुले डोळ्यापुढे येत होती. त्या नकाशात आपल्या औसा, निलंगा, मुखेड, किनवट तालुक्यांतल्या वाड्या-तांड्यांचे काम अजून बरेच बाकी आहे.

आता या इतिहासातला अवघड भाग. इर्जिकीत उद्या दुसऱ्याच्या रानात जायचे असते. मुक्त सॉफ्टवेअरमध्ये अनेक मोठ्या कंपन्या रोज पीक नेतात आणि औत धरायला मात्र सगळ्याच येत नाहीत. काही येतात, भरपूर माणसे देतात, हेही खरे. पण मराठीसारख्या भाषेचे काम शेवटी बोटांवर मोजता येतील अशा माणसांवर पडते. त्यांना घर असते, म्हातारे आईवडील असतात. कुणी नोकरी बदलतो, कुणी थकतो. सॉफ्टवेअरची मात्र दर काही महिन्यांनी नवी आवृत्ती निघते आणि प्रत्येक आवृत्तीत शेकडो नवी वाक्ये येतात. दोन वर्षे कुणी हात लावला नाही की मराठी पडद्यावर मध्येच इंग्रजी वाक्ये दिसू लागतात, मग वापरणारा कंटाळून इंग्रजीकडे जातो आणि वापरणारेच नाहीत म्हणून काम करणारेही थांबतात. मी ज्या गटात काम सुरू केले त्यात आम्ही नऊजण होतो. आज दोघे आहोत.

केरळात हे वेगळ्या तऱ्हेने घडले. तिथे २००२ मध्ये 'स्वतंत्र मलयाळम कम्प्युटिंग' हा स्वयंसेवकांचा गट सुरू झाला. त्याच दशकात राज्याच्या 'आयटी ॲट स्कूल' उपक्रमाने सरकारी शाळांतले संगणक मुक्त सॉफ्टवेअरवर नेले. म्हणजे स्वयंसेवकांनी केलेले काम लगेच लाखो मुलांच्या हातात गेले, त्यातल्या काहींनी मोठे होऊन पुढचे काम उचलले. महाराष्ट्रात २००१ नंतर एमएस-सीआयटीमुळे गावोगावच्या लोकांना संगणकाची ओळख झाली. ती गोष्ट मोठीच होती, नोकरीसाठी आपल्यापैकीही अनेकांनी तो कोर्स केला. पण स्वयंसेवकांच्या मराठी कामाची आणि आपल्या शाळांची गाठ कधी पडली नाही. उस्मानियाच्या काळात उर्दूला जे मिळाले आणि केरळात मलयाळमला जे मिळाले, ते मराठीला तिचे स्वतःचे राज्य असूनही पुरेसे मिळाले नाही, असे मला वाटते. असहमती असेल तर मेळाव्यात चहाच्या वेळी जरूर भांडू.

सध्या यंत्राला बोललेले समजावे यासाठी जगभर खटाटोप सुरू आहे. मोझिला या संस्थेने २०१७ मध्ये 'कॉमन व्हॉइस' नावाचा उपक्रम सुरू केला. लोकांनी आपल्या भाषेतली वाक्ये मोठ्याने वाचून आवाज द्यायचा, इतरांनी ते ऐकून बरोबर की चूक सांगायचे आणि जमलेला सगळा साठा कुणालाही फुकट वापरू द्यायचा. त्यात मराठी आहे. पण आवाज कोणाचे आहेत यावर यंत्र कोणाचे ऐकणार ते ठरते. त्यात फक्त पुण्या-मुंबईचे आवाज असतील, तर लातूरच्या 'काय करूलालास?'ला आणि नांदेडच्या 'काय करायलास?'ला ते यंत्र उद्या 'पुन्हा बोला' म्हणेल. शेतीची माहिती, दवाखान्याची वेळ, बँकेतली शिल्लक जेव्हा अशा यंत्रांना विचारावी लागेल, तेव्हा ज्यांना वाचता येत नाही त्यांचीच सर्वांत जास्त अडचण होईल. माझी आजी निरक्षर होती. तिच्यासारख्या बायका आजही आपल्या गावांत आहेत, त्यांच्या आवाजासाठी हे काम करायचे आहे.

यासाठी इंजिनिअर असण्याची गरज नाही. वाक्य वाचायला मोबाइल पुरतो. आपल्या वाडीचा रस्ता, शाळा, पाण्याची टाकी नकाशावर घालायला तिथला माणूसच लागतो, माझा त्यात उपयोग नाही. विकिपीडियावर आपल्या तालुक्याच्या लेखातली चूक दुरुस्त करायला इतिहासाच्या शिक्षकाइतका योग्य माणूस कुणी नाही. आणि आपल्यातल्या मराठी शिकवणाऱ्या तिघीजणी शब्दयादी तपासायला बसल्या, तर माझ्या वर्षाचे काम महिन्यात होईल.

मेळाव्यासाठी शाळेने संगणक कक्ष दोन दिवस उघडा ठेवायचे कबूल केले आहे. शनिवारी दुपारी जेवण झाल्यावर मी तिथे बसणार आहे. हेडफोन सहा आणले आहेत. वाचायची वाक्ये आधीच निवडून ठेवली आहेत, प्रत्येकाला दहा मिनिटे पुरतील. हस्तलिखित 'अंकुर'चे १९९२ ते १९९५ चे अंक वाचनालयाच्या कपाटात अजून आहेत असे बाईंनी कळवले आहे. ज्यांचे लेख आहेत त्यांच्या परवानगीने तेही आपण युनिकोडमध्ये टाइप करून घेऊ, म्हणजे पुढच्या मेळाव्याला ते कुठल्याही फोनवर उघडतील. ज्यांना टाइप करता येत नाही त्यांनी वाचून दाखवावे, ज्यांना वाचायला चष्मा लागतो त्यांनी तो आठवणीने आणावा. जेवणाची सोय संयोजन समितीने केलेलीच आहे.